गुरुवारची ताटं

भविष्य सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. आपलं भविष्य कितीनं चुकलं हे उभं राहून सांगणारे मात्र भिलाईच्या पूर्वानुमान अभ्यास मंडळातच भेटायचे. संस्था रीतसर नोंदलेली, नफ्याशी काडीचा संबंध नसलेली. पोलाद कारखान्यातले पंचवीस-तीस कारकून आणि अधिकारी महिन्यातून एका रविवारी सिविक सेंटरच्या एका हॉलात जमत आणि अंदाज कसा बांधावा यावर घसा कोरडा होईपर्यंत भांडत. चहाआधी प्रत्येकानं आपला मागचा अंदाज आणि त्यातली चूक वाचायची, हा तिथला नेम. ज्याची चूक सगळ्यांत मोठी, त्यानं बाकीच्यांना चहा वाटायचा.

दयाराम वासनिक गेले चौदा महिने चहा वाटत होता.

त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उद्या जेवणाची किती ताटं लागतील, यावर त्यानं तीन वर्षं खपून एक निबंध लिहिला होता, आणि तो तसाच पडून होता. बायको भीमाबाई म्हणायची, "आयतवार आला का निंघाले जोतिषी!" तिच्यासमोर तो निबंध एकदा चारचौघांत वाचायचा, एवढीच दयारामची इच्छा होती. पण वार्षिक सभेत निबंध वाचायचा मान एकालाच मिळे. सभा सगळ्या गावाला खुली असे. तिला किती माणसं येतील याचा अंदाज ज्याचा सगळ्यांत जवळ जाई, त्यालाच तो मान. सत्त्याऐंशी सालच्या सभेसाठी दयारामनं बंद लिफाफ्यात लिहिलं, त्र्याहत्तर.

सभा चारची, मोजणी पाचला. साडेचार वाजले तरी दारात बसलेल्या टिकारामच्या वहीत सहासष्टच रेघा होत्या. त्र्याहत्तरला सात कमी. शहाणा माणूस गप्प बसला असता. दयारामनं स्कूटर काढली.

मरोदा वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना आटोपून भीमाबाई मैत्रिणींशी बोलत बसली होती.

"चाल लवकर! तू आन् आनखी सहा जणी," दयाराम धापा टाकत म्हणाला.

"कावून? कोनाचं लगन हाये काय?"

"सभा हाये. मी आज निबंध वाचून राहिलो."

भीमाबाईनं लगेच पदर खोचला आणि मैत्रिणींना उठवलं. दोन ऑटो भरले. पाचाला तीन मिनिटं असताना सात बाया हॉलात शिरल्या आणि टिकारामनं सात रेघा ओढल्या.

लिफाफे फुटले. अध्यक्ष नरहरी साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "त्र्याहत्तर! शून्य चूक! असं आजवर झालं नाही!" टाळ्या पडल्या. आता नेमाप्रमाणे दयारामनं आपली चूक वाचायची होती.

तो उभा राहिला. समोर भीमाबाई मान ताठ करून बसली होती. चौदा महिने मोठमोठ्या चुका त्यानं खणखणीत आवाजात वाचल्या होत्या, पण आज 'शून्य' काही तोंडातून निघेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अंदाज त्र्याहत्तर," तो म्हणाला. "आले सहासष्ट. चूक सात. बाकीच्या सात मी जाऊन घेऊन आलो."

मग काय, मंडळाला वादाची मेजवानीच मिळाली. टिकाराम म्हणाला, "मानूस कसा आला हे माह्या वहीत नाही. आला म्हंजे आला." त्यावर मंडळाच्या सभासद साधना मॅडम ताडकन म्हणाल्या, "उद्या हवामानवाले बादल्या घेऊन छपरावर चढतील, तर त्याला पाऊस म्हणायचं काय?" मॅडमचा आकडा चौसष्ट होता, सहासष्टच्या सगळ्यांत जवळचा. अर्ध्या तासानं नरहरी साहेबांनी निबंधाचा मान त्यांनाच दिला.

त्या दिवशी दयारामपेक्षा मोठ्या चुका करणारे बरेच निघाले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या हातात कुणीतरी आयता कप दिला. तो चहा त्याला अगदी मचूळ लागला.

मॅडमचा निबंध झाला, सभा संपली आणि हॉल भराभर रिकामा झाला. सात बाया मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"वाचा," भीमाबाई म्हणाली.

"सभा संपली ना."

"मंग आमाले आनलं कावून? वाचा म्हनलं ना."

दयारामनं कागद काढले. पगाराच्या दिवशी ताटं का वाढतात, सणाच्या आदल्या दिवशी का घटतात, सगळं त्यानं रंगून वाचलं. बायाही कान देऊन ऐकत होत्या. शेवटच्या पानावर त्याचा आवाज जरा पडला. "दर गुरुवारी साठ-सत्तर ताटं कमी लागतात. तीन वर्षं शोध घेतला. कारण अज्ञात."

बाया एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या.

"काय झालं?"

"अवो, बुधवारी सांजच्याले मरोद्याचा बाजार भरते," भीमाबाई म्हणाली. "घरात ताजी भाजी येते, मासोळी येते. गुरुवारी आमी डबा भरून देतो. मंग तुमच्या कॅन्टीनचं कोन खाईल? तुमी सोता डबाच नेता ना गुरुवारी!"

दयारामला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पेन काढलं, 'कारण अज्ञात' खोडलं, आणि खाली बाजाराची हकिगत लिहून सातही जणींची नावं एकेक विचारून घातली.

पातेल्यात अजून चहा उरला होता. तीन वर्षं सगळ्या कारखान्याला विचारत फिरलो आणि घरात विचारलं नाही. ह्याहून मोठी चूक मंडळात कुणाची निघणार? नेम तो नेम. दयारामनं चहा गरम केला, सात कप भरले आणि पहिला भीमाबाईच्या हातात दिला.