गच्चीवर उमटलेली पावलं

रविवारी सकाळी गारखेड्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुंडलिकबाबांनी कोऱ्या पांढऱ्या कापडावर पिवळं तीर्थ शिंपडलं आणि बघता बघता त्यावर लालभडक पावलं उमटली!

"देवी आली!" साहेबराव ओरडला. हा आमचा बिल्डर. याच गच्चीवर त्याला स्वतःचा बंगला चढवायचा होता.

बाबा घुमत म्हणाले, "देवीला मोकळं आभाळ पाहिजे. साहेबरावांच्या देवी संस्थानाला गच्ची वाहा. सही न करणाऱ्याच्या घरात पीडा!"

देवीला सह्यांचं महत्त्वही ठाऊक होतं.

मी वकील. कळवळून सांगितलं, "अहो, फ्लॅट ज्याचा त्याचा, पण जमीन, जिना, गच्ची सगळ्यांची सामाईक. त्यातला हिस्सा तुमच्या फ्लॅटला जोडलेला असतो, एकटा बिल्डर तो काढून घेऊ शकत नाही. प्रत्येक मालकाची संमती लागते, म्हणून तर हा खटाटोप!"

"देवीपुढं कसला कायदा, वकीलसाहेब?" निवृत्त अधिकारी तात्यासाहेबांनी सही ठोकली. त्यांच्यामागं रांग लागली. माझा घसा बसला.

वरच्या मजल्यावरच्या भागूबाईंची पाळी आली. त्यांचं छत महिनोन्‌महिने गळत होतं.

"बाबा, गच्ची दुरुस्त कोण करील?"

"देवी बघून घेईल."

"कोप नको बा," म्हणत त्यांनी पेन घेतलं.

तेवढ्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी शेजारची करुणा अर्धं लिंबू घेऊन पुढं आली. "देवीला लिंबू चालतं ना, बाबा?"

"चालतं की!"

तिनं ते एका पावलावर पिळलं. लाल पाऊल पिवळं पडलं.

"भागूबाई, साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो की!"

"तीर्थ म्हणजे हळदीचं पाणी. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पावलं आधीच काढून वाळवली होती. ती दिसत नाहीत. हळद पडली की लाल होतात, लिंबानं पुन्हा पिवळी."

भागूबाईंनी पेन आपटलं. "मंग ह्या हळदीपायी मी वल्या गादीवर निजू व्हय?"

"क्या मॅडम, आस्था का सवाल है," साहेबराव पुटपुटला. बाबा तोवर जिना उतरत होते.

सह्या रद्द झाल्या. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून गच्चीची दुरुस्ती सुरू केली. तरी त्या दिवशी तात्यासाहेब निघताना त्या पिवळ्या पडलेल्या पावलाला हात जोडून गेलेच. चिडू की रडू, मला कळेना.

हात जोडायला माझी ना नाही. पण घरादारावर सही मागणारा चमत्कार समोर आला, तर निदान दोन प्रश्न विचारा: हे घडलं कसं, आणि यातून जागा कुणाला मिळणार?