तिसऱ्या सहीची वाट

अमेरिकेच्या सरहद्दीवर, वाबाश नदीकाठच्या फोर्ट लॅथम किल्ल्यात त्या हिवाळ्यात मांस सडलं होतं, आणि ते सडलंय असं कागदावर म्हणायला एक माणूस कमी पडत होता.

भांडारपाल असाहेल प्रुइटने पिंप उघडलं तेव्हाच काय झालंय ते ओळखलं. गाडीवानांची ही जुनीच खोड. चढावर बैलांना ओझं नको म्हणून पिंपाला भोक पाडायचं, मिठाचं पाणी वाटेत सोडून द्यायचं, खुंटी ठोकायची आणि किल्ल्यावर साळसूद चेहऱ्याने माल उतरवायचा. खारं पाणी गेलं आणि डुकराचं मांस हिरवं पडलं. झाडून सगळ्या पिंपांची तीच गत.

फेकावं तर नियम आडवा. खराब माल तीन अधिकाऱ्यांनी स्वतः पाहून, सह्या करून रद्द ठरवायचा. तोवर तो चांगलाच. आणि चांगला माल कोठारात असताना ठेकेदार नवा कशाला धाडेल? आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना! किल्ल्यावरच्या तिघांपैकी धाकटा अधिकारी पानगळीतच हिवतापाने गेला होता. दुसरा कुणी वरच्या किल्ल्यावरून यायचा, तर नदी गोठलेली.

"फेक रे ते," कॅप्टन हॅडक म्हणाला. "मी सही करतो, लेफ्टनंट करेल. राजधानीतल्या त्या शाईबहाद्दरांना इथला वास बाटलीत भरून धाडू का?"

"दोन सह्यांवर भागत नाही, साहेब. माझ्या आधीच्याने असंच पीठ फेकलं. सगळी रक्कम त्याच्या बोडक्यावर बसली. अजून तुरुंगात सडतोय बिचारा."

या नोकरीसाठी असाहेलला जामीन राहिला होता त्याचा सासरा, दूर कनेटिकटमधल्या आपल्या शेतासकट; रक्कम अंगावर आली तर ते शेत जाणार.

"जाऊ द्या ते शेत," रात्री घरी चुलीपाशी बसलेली त्याची बायको थँकफुल म्हणाली. "माझ्याच बापाचं आहे ना? मीच सांगते. अहो, माणसं खाणार आहेत ते."

"म्हाताऱ्याला या वयात रस्त्यावर काढू?"

"काढा. रस्त्यावर जिवंत तरी राहील."

मग भित्री माणसं करतात तेच त्याने केलं, मधला मार्ग काढला. मांस व्हिनेगरने धुतलं, कोळशाच्या भुकटीत घोळवलं, दोनदा उकळायला सांगितलं. वास मेला, आणि वासाबरोबर दोषही मेला अशी त्याने स्वतःची समजूत घातली. शिपाई खातील तेच आपण खाणार, असं म्हणून कॅप्टनही त्याच हंड्यातलं जेवू लागला. भला माणूस, पण भलेपणाने विष उतरत नाही. प्रुइटांच्या घरी मात्र मक्याची भाकर भाजली जात होती.

"काय प्रुइटसाहेब, आज डुक्कर आपल्या पायांनीच ताटात आलं वाटतं!" शिपाई सुरुवातीला खिदळत. पुढे खिदळणं थांबलं. आजाऱ्यांची खोली भरली. जमीन इतकी टणक होती की खड्डे खणता येईनात, म्हणून मेलेल्यांना सरपणाच्या ढिगामागे ठेवू लागले. नदी काही वितळेना.

एका सकाळी लेफ्टनंटचा शिपाई दारात आला. कॅप्टन हॅडक गेला होता.

"म्हणजे आता दोन सह्या कमी!" असाहेल बोलून गेला.

पीठ मळणाऱ्या थँकफुलचे हात थांबले. असाहेलला स्वतःची शिसारी आली, अगदी मनापासून आली. पण त्या शिसारीखालीही डोक्यातला हिशेब चालूच होता.

"मला तसं नव्हतं म्हणायचं गं."



बाहेर शिध्याचा ढोल वाजला. तो कोठारात गेला, पुढच्या पिंपाचं झाकण उचकटलं आणि वाटायला बसला. रांग पूर्वीपेक्षा आखूड होती. खाली मान घालून तो तुकडे टाकत राहिला. एक भांडं पुढे आलं, आणि त्यामागचे हात पिठाने माखलेले होते.

"वाढा," थँकफुल म्हणाली. "तुमच्या कागदावर चांगलं आहे ना ते?"

असाहेलचा हात पिंपातच राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, आटपा की, भूक लागलीय इथे!"