माझं शिळं पाणी

मी माशांची काचेची टाकी बोलतेय, अहमदपूरहून. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. दोनदा माझ्या पोटात मेलेले मासे तरंगलेत, आणि दोन्ही वेळा मारणारे हात मायेचे होते.

नांदेडच्या दुकानातून दीपमालानं मला एसटीनं, मांडीवर धरून आणलं. "आजच पाणी भरा, आजच मासे सोडा," दुकानदार म्हणाला होता. पाणी आधी काही दिवस मुरू द्यावं, हे त्याला ठाऊक नव्हतं? होतं. पण मासे मेले की गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच दारात. मी याला धंदा म्हणत नाही.

आठ-दहा दिवसांनी येणारा नळ नेमका त्या दिवशी आला होता. ब्लिचिंगच्या वासाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. संध्याकाळपर्यंत मासे उलटे झाले.

दुसऱ्या खेपेचे मासे पुढच्या नळापर्यंत टिकले. नळ आला की या घरात रांजण, घागरी, पिंप, सगळं ओतून घासायची रीत. कालपर्यंत थेंबथेंब पुरवलेलं पाणी एका क्षणात 'शिळं' ठरतं. दीपमालाच्या सासूबाई, साखराबाई, यांनी मलाही सोडलं नाही. वाळू घासली, फिल्टरचा स्पंज पिळून धुतला. मासे पुन्हा गेले.

"आता मेले तर यात लसूण भरतो," दीपमालाचा नवरा हरिओम म्हणाला.

"भर की! माणसाला घागर न्हाई अन् माशाला हौद," साखराबाई.

 दीपमालानं लाल गप्पी मासे आणले.

मग पाइप फुटला आणि नळ आठवडेच्या आठवडे आलाच नाही. नगरपालिकेला जाब विचारावा तर फोन कुणी उचलत नाही. मला घासायला पाणीच नव्हतं. दीपमाला जुन्या पिंपातलं तांब्याभर पाणी घालायची, एवढंच. मासे मरतील असं सगळे धरून चालले होते. उलट माशांना पिल्लं झाली, जिऱ्याएवढी.

माझ्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. माशांच्या घाणीतलं विष तेच पचवतात. घासलं की आधी तेच मरतात, मग मासे.

नळ आला. साखराबाई बादली आणि घासणी घेऊन आल्या.

दीपमाला आडवी आली. "आत्याबाई, पाणी बदललं न्हाई म्हणून जगले हे."

"शिळ्या पाण्यात? येडी झालीस का?"

"पिल्लं हायत त्यात. बघा तरी."

साखराबाई वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"लई बारीक हायत गं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्यातलं तांब्याभर पाणी काढून कढीपत्ता लावलेल्या डब्यात ओतलं. नव्या पाण्याकडे गेलेला हात मधेच थांबला. ओतायला काढलेली जुनी घागर त्यांनी बाजूला ठेवली. "हे शिळं हाय. हेच घाल."

टाकी घरी आणणाऱ्यांनो, तुमचे मासे उपाशी मरत नाहीत, घासून चकचकीत केलेल्या टाकीत मरतात. थोडं पाणी काढा, थोडं मुरलेलं घाला, वाळूला हात लावू नका.

परवा नळ आला, तेव्हा शेजारच्या गुरम्मानं विचारलं, "ही एक घागर घासत न्हाईस का?"

"ती माशाची हाय," साखराबाई म्हणाल्या. "हात लावू नको."