माझ्यात उरलेलं विरजण

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. परतवाड्याच्या एका घरात मी माळ्यावर पडून होतो आणि माझ्या डोक्यावर मनकर्णाबाईंचा कुरडयांचा डबा होता. लॅपटॉपच्या नशिबी असंही येतं.

पण माझेही दिवस होते. मनकर्णाबाईंची मुलगी प्रणाली शाळेत कॉम्प्युटर शिकवते. इंग्रजी आज्ञांपाशी अडून मुलं हिरमुसायची, म्हणून तिने आणि तिच्यासोबत शिकवणाऱ्या अफनानने मराठी शब्दांची नवी संगणकभाषा रचली. नाव ठेवलं ‘पळस’. पण आम्हा यंत्रांना असे शब्द थेट कळत नाहीत. ते आमच्या बोलीत उतरवणारा दुभाषी लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो माझ्याच पोटात घडला. मी तापायचो, पंखा घरघरायचा. मग प्रणाली पाठ थोपटून म्हणायची, “थांब रे राजा, होऊन राहिलं.” तेवढ्यावर मी दिवस काढायचो.

पुढे माझी बॅटरी फुगली, नवा लॅपटॉप आला आणि मी माळ्यावर गेलो. कुणी साधं फडकंही मारलं नाही. राग आला होता मला, खोटं कशाला सांगू?

खालच्या बोलण्यातून मला सगळं कळत होतं. दोघांनी कंपायलर पुन्हा लिहिला, या वेळी खुद्द पळसमध्ये. म्हणजे यापुढे पळसचा आधीचा कंपायलरच नवा कंपायलर तयार करणार! भाषा स्वतःच्या पायावर उभी राहिली म्हणून त्यांनी पेढे वाटले आणि त्याच आनंदात, दुसऱ्या भाषेत लिहिलेला पहिला कंपायलर पुसून टाकला. मग एक सुधारणा केली आणि नवा कंपायलर सगळ्या यंत्रांवर जुन्याच्या जागी चढवला. तो प्रत्येक ओळीवर अडायला लागला. दुरुस्ती लिहून तयार होती, पण ती वाचू शकेल असा एकही कंपायलर उरला नव्हता.

आज दुपारी प्रणाली स्वयंपाकघरात रडत होती.

“काहून पुसलं मी ते? दूध हाये आई, विरजणच संपलं.”

“मंग शेजारून आन ना व.”

“या भाषेचं विरजण शेजारी नाई भेटत. पोरायनं वर्षभर लिहिलेलं सारं मेलं.”

अगं, तो पहिला कंपायलर माझ्यात आहे! मी जिवाच्या आकांताने सांगत होतो. पण बंद लॅपटॉपचं कोण ऐकणार?

एकाएकी तिचं रडणं थांबलं. “आई, माळ्यावरचा जुना लॅपटॉप!” डबा बाजूला झाला. तिचा फोन जाताच अफनान धावत आला. त्याने फुगलेली बॅटरी काढली आणि चार्जरची सैल पिन हाताने दाबून धरली. विजेची लाइन जायची वेळ झाली होती. मी दोनदा सुरू होऊन बंद पडलो.

“या अल्लाह, एक बार चाल रे बाप्पा!”

चाललो. प्रणालीने पेन ड्राइव्ह लावला. माझी डिस्क खरखरत होती, आतून काहीतरी घासत होतं. एवढं जाऊ दे, मग मला काही नको, असं म्हणत मी तग धरला. पेन ड्राइव्ह निघाला आणि लगेच लाइन गेली. आत काहीतरी तुटलं.

मला दिसेनासं झालं. फक्त नव्या लॅपटॉपच्या कळांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

“लागलं काय व?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

प्रणालीने आईला मिठी मारली.

“लागलं, काकू,” अफनान म्हणाला.

मित्रांनो, मी आता पुन्हा सुरू होणार नाही. तुम्हाला एवढीच विनवणी आहे. दही कितीही छान लागलं तरी वाटीभर विरजण बाजूला काढत जा. आणि ते ज्याच्यात ठेवलंय, त्याच्या डोक्यावर कुरडयांचा डबा ठेवू नका.