पाथर्डी रस्त्यावरचं दार

आमच्या सोसायटीचं नाव श्रमसाफल्य. चौदा घरं, नगरहून येताना भिंगारच्या पुढं, पाथर्डी रस्त्याला लागून. नावातला श्रम आम्ही केला होता हे खरं. साफल्य मात्र बहात्तर साली कुठं परागंदा झालं ते कळलं नाही. मी तेलगिरणीत हेडक्लार्क होतो. करडई नाही, भुईमूग नाही, मग गिरणी पिळणार काय, डोंबल? उन्हाळ्यातच ती बंद पडली आणि आम्हाला ‘कळवू’ म्हणून घरी पाठवलं. शेजारच्या बन्सीशेठची पिठाची गिरणी दिवसातून तासभर फिरायची. घरांचे रंग उडाले ते उडालेच, कोपऱ्यातल्या दोन घरांना कुलपं लागली. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी यायची. परदेशात ती जनावरांना घालतात म्हणे, आणि आम्ही उरलेली बाराही घरं तीच खात होतो. पण पिशवी आणायची ती टॉवेलाखाली झाकून, आणि एकमेकांना सांगायचं की अजून गावाकडची ज्वारी पुरतेय. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांच्याच मुठी झाकलेल्या आणि सगळ्यांनाच आतलं ठाऊक.

हे आधी सांगतोय, कारण नंतर मी जे केलं ते कुठल्या तोऱ्यात केलं ते कळावं.

श्रावण कोरडा गेला आणि रस्त्यानं माणसं यायला लागली. पाथर्डी-शेवगावकडची. कोणी खडी फोडायच्या कामावर जात होतं, कोणी नुसतंच जात होतं. आमच्या समोर सोसायटीनं बागेसाठी राखलेली मोकळी जागा होती. बाग काही झाली नाही, पण बाभळीची दोन झाडं होती. त्यांच्या सावलीला एखादं बिऱ्हाड टेकायचं, दोन दिवसांनी पुढं सरकायचं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. रोज सकाळी जाऊन कोण आलं, कोण गेलं, बघून यायचो. गिरणी बंद असलेल्या माणसाला तेवढंच साहेबपण.

भाद्रपदात एक बैलगाडी थांबली. परक्याची होती, सामान उतरवून निघून गेली. उतरलं ते काय? एक म्हातारी, एक बाई, तिच्या कडेवर दोनेक वर्षांची पोर, चार भांडी, आणि एक दार. दार म्हणजे फळी नव्हे, चौकटीसकट अख्खं दार, सागाचं, वर पितळी कड्या. बाईनं ते बाभळीला टेकवून ठेवलं.

मी गेलो. “कुठल्या तुम्ही?”

“मानिकदौंडीच्या वरल्या अंगाला ऱ्हातो, भाऊसाहेब. माझं नाव कडूबाई. ह्या सासूबाई, लंकाबाई.”

“आणि हे दार कशाला वागवलं एवढं?”

“घरी ठिवलं असतं तर लोकांनी चुलीत घातलं असतं. मालक म्हनले, भिताडं पडली तर पडू दे, दार संगं घे.”

“मालक कुठायत?”

“आसाराम बैलं घिऊन राहुरीकडं गेलाय,” म्हातारी मधेच म्हणाली. “तिकडं पाटाला पानी हाय, उसाचं वाढं मिळतंय. बैलांची सोय लागली की आमाला न्यायला येनार हाय.”

“नगराच्या अलीकडं, ह्याच रस्त्याच्या कडंला थांबा म्हनलेत,” कडूबाई म्हणाली. “हितून पुढं सरकू नका, न्हाई तर चुकामूक व्हईल म्हनले. ते येईस्तोर आमी हितंच.”

मी म्हटलं, “बघा. फार दिवस नको.” मालक न्यायला येणार हे मी त्या महिनाभरात पाचसहा बायकांकडून ऐकलं होतं. त्यातल्या दोघींचे तर आलेच नव्हते. ही तिसरी असेल, असं मी मनात धरलं आणि घरी येऊन मिलोची भाकरी खाल्ली.

माझी बायको मालन तिला आमच्या टँकरच्या पाण्यातली एक कळशी रोज द्यायची. मी कुरकुर केली तर म्हणाली, “तुमच्या दाढीचं पानी देते तिला. दाढी करून कुठं जानार हात?”

महिना गेला. आसाराम आला नाही. कडूबाई समोरच्या रस्त्यावर खडी पसरायच्या कामाला लागली, पण पिंपळाच्या मोरीपलीकडं काम सरकलं तेव्हा तिनं ते सोडलं. मुकादम बोलवत असताना सोडलं. आम्हाला वाटलं, आळशी आहे.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याच्या सकाळी मी नेहमीप्रमाणं फेरी मारायला गेलो तर कडूबाईनं जमिनीत दोन खड्डे खणले होते. दोघी सासू-सुना मिळून ती चौकट त्यात उभी करत होत्या. बुडाशी दगड ठोकले, माती चेपली. दार रस्त्याकडं तोंड करून उभं राहिलं. मग तिनं ते पुसलं, हळदकुंकू लावलं, वर लिंबाचा डहाळा बांधला, आणि उंबऱ्यावर गुळाचा खडा ठेवून पाया पडली.

मी जागच्या जागी थांबलो. शहरात जन्मलेला माणूस असता तर हसून पुढं गेला असता. मी शेतकऱ्याच्या घरचा. चौकट बसवणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. माझ्या स्वतःच्या घराची चौकट आठ वर्षांपूर्वी दसऱ्यालाच बसवली होती, साडेतीन मुहूर्तांतला म्हणून. आमच्यात भिंती नंतर येतात. चौकट बसली, पूजा झाली, की घर धरलं. मग तिथून माणूस हलत नाही, त्याची पोरंही हलत नाहीत. ही बाई आमच्या बागेत घर धरत होती.

बन्सीशेठला सांगितलं तर तो ताडकन उठला. “भटाला दिली ओसरी आनि भट हातपाय पसरी! एक घर झालं की दहा व्हत्यात. मग आपल्या घरांना कुत्रं तरी विचारील का?”

त्याच दुपारी मी मामलेदार कचेरीत द्यायला अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं, गिरणीतली सगळी पत्रं मीच लिहायचो. ‘सोसायटीच्या राखीव जागेवर कायमस्वरूपी बांधकामास सुरुवात झाली असून’ असं वाक्य मी घातलं आणि ते मला फार आवडलं. कायमस्वरूपी बांधकाम! त्या दाराच्या दोन्ही बाजूंनी मोकळं माळरान होतं. पहिली सही माझी. मालन म्हणाली, “तिचा मालक येईस्तोर तरी थांबा. ते दार कशापायी उभं केलं ते इचारून तर येते.” मी म्हटलं, “विचारायचं काय त्यात? चौकट बसवली म्हणजे घर झालं. तुला कळत नाही?”

विचारायचं होतं. तेवढंच करायचं होतं.

दिवाळी झाल्यावर एक ट्रक आला. सोबत आलेला कारकून भला माणूस होता. म्हणाला, बाई, हाल करायला नाही आलो, दुष्काळी कामावर नेतोय, तिथं छपरं आहेत, पोरीला खायला सुकडी मिळेल. आधीच दोन बिऱ्हाडं ट्रकमध्ये बसलेली होती. कडूबाई दाराच्या उंबऱ्यावर पोरीला घेऊन बसली आणि उठेना. आम्ही बारा घरांचे पुरुष आपापल्या फाटकात उभे.

लंकाबाई माझ्याकडं आली. पाया पडायला वाकली तसा मी मागं सरलो.

“भाऊसाहेब, तुमी तरी सांगा ह्यास्नी. आसारामला अक्षर येत न्हाई, पत्ता कळत न्हाई. त्यानं सांगितलंय, रस्त्याच्या कडंला आपलं दार उभं करा, मी दार बघत येतो. टेकवलेलं रस्त्यावरून दिसंना म्हून पुरून उभं केलं. दुसरं काय बी न्हाई हो. तो आला की उपटून नेतो.”

मी ऐकलं. सगळं ऐकलं, आणि त्याच क्षणी समजलं. एक शब्द बोललो असतो तर तो कारकून थांबला असता, कारण अर्ज माझा होता. पण फाटकाफाटकातून शेजारी बघत होते, आणि माझ्या सुंदर अक्षरातलं ते वाक्य कारकुनाच्या हातात होतं. मी म्हणालो, “आता माझ्या हातात काही नाही, आजी.”

दार न्यायला ट्रकवाला तयार होईना. माणसांनाच जागा नाही म्हणाला. शेवटी कडूबाई उठली. रडली नाही. मला म्हणाली, “दादा, येवढं दार तरी उभं ऱ्हाऊ द्या. मालक हितं थांबतील. त्यास्नी सांगा आमाला कुठं नेलं ते.” इतके दिवस भाऊसाहेब म्हणत होती, त्या दिवशी दादा म्हणाली.

मी हो म्हटलं. आणि ट्रक सुरू व्हायच्या आत घरात गेलो, कारण मला ते बघवेना. कुठं नेताय, हे कारकुनाला विचारलंच नाही.

चार दिवस दार उभं होतं. पाचव्या दिवशी बन्सीशेठ म्हणाला, “उभं दार बघून दुसरं बिऱ्हाड टेकतंय बघा. न्हाई तर कोनी तरी फोडून जाळील.” मला ते पटलं असं मी म्हणणार नाही. मला ते सोयीचं वाटलं. रोज सकाळी फाटक उघडलं की ते समोर दिसायचं. आम्ही दोघांनी ते उपटलं आणि माझ्या परसात आणून न्हाणीला आडोसा म्हणून लावलं. मालनला सांगितलं, इथं जपून राहील. ती आठ दिवस त्या न्हाणीत गेली नाही.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा एका दुपारी फाटकात एक माणूस उभा राहिला. उंच, काळा, पागोट्याचं कापड विरलेलं, पायांत टायरच्या चपला. पाणी मागितलं. मालननं तांब्या दिला. तो दोन घोट प्यायला आणि म्हणाला, “हितं कुठं एक दार उभं केलेलं बघितलं का, बाई? सागाचं. संगं माझी आई आन मंडळी हाय, बारकी पोर हाय.”

मालननं माझ्याकडं बघितलं.

“आठ दिसांमागं ह्याच रस्त्यानं गेलो,” तो सांगत होता. “दार दिसंना. मला वाटलं अजून गावाकडूनच निघाली न्हाईत. म्हून पार मानिकदौंडीपातूर जाऊन आलो. तिथं तर भिताडंच. मग पुन्यांदा माघारी आलो.”

म्हणजे मी दार काढल्यावर हा माणूस माझ्या फाटकावरून गेला होता. तीसेक मैल वर गेला आणि तीसेक मैल खाली आला.

मी म्हणालो, “होती इथं. सरकारनं दुष्काळी कामावर नेलं त्यांना.”

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. तो चक्क खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “बरं केलं सरकारनं. लेकरू उघड्यावर व्हतं. आन तुमी पानी दिलं असंल त्यास्नी. हितं दुसरं कोन हाय? लई उपकार झाले, भाऊसाहेब.”

मालन आत निघून गेली. मी ते उपकार माझ्या नावावर लावून घेतले. नको म्हणालो नाही.

“बैलं बी जगली,” तो म्हणाला. “बेलापूरच्या बाजूला एका बागाईतदाराकडं सोय लागली. खोली दिलीय ऱ्हायला. आता येवढी मानसं गावली की झालं. कुठल्या कामावर नेलं म्हनलात?”

मी सांगू शकत होतो की मला माहीत नाही. सांगू शकत होतो की कचेरीत चल, मी येतो, ज्यानं अर्ज लिहिला त्याला ते सांगतीलच. पण तो माझ्या अंगणात बसला होता, आणि परस तिथून वीस पावलांवर होतं. पाय धुवायला मागं जाऊ का असं त्यानं विचारलं असतं तर? मला तो माणूस तिथून जायला हवा होता, ताबडतोब.

“सुप्याला,” मी म्हणालो. बन्सीशेठकडून ऐकलं होतं की सुप्याकडं मोठं काम निघालंय. मी हात वर करून भिंगारकडं, नगरकडं बोट दाखवलं. “शहरातून पुण्याच्या रस्त्याला लाग. विचारत जा.”

तो उठला, वाकून नमस्कार केला आणि चालू लागला. भरभर चालत होता, माणसं सापडल्यासारखा.

मालन बाहेर आली. “खरंच सुप्याला नेलं त्यास्नी?”

“असेल.”

“असंल कसं? ट्रक तर वर पाथर्डीकडं वळला. मी फाटकात हुते की.”

तो अजून दिसत होता, मोरीच्या वळणावर. माझी सायकल भिंतीला उभी होती, चाकांत हवा होती. दोन मिनिटांत गाठला असता. पण गाठून सांगणार काय? खरं सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं. मी सायकलचं हँडल धरून उभा राहिलो, आणि तो वळणाआड गेल्यावर ती पुन्हा भिंतीला लावली.