जाताना बटण बंद

चष्म्याच्या त्या दुकानाच्या तेवीस शाखा होत्या आणि तेवीस ठिकाणचं इंटरनेट सांभाळायला माणूस एकच, वायरकाका. सगळ्यांत लहान शाखेतला इंटरनेटचा डबा विजेच्या झटक्यानं दोनदा जळला, तेव्हा काकांनी तिथल्या बाईंना दम भरला होता, "बाई, जाताना भिंतीवरचं बटण बंद. विसरलात तर तिसरा डबा तुमच्या डोक्यावर ठेवीन!" बाईंनी कानाला खडा लावला. सहा वर्षं रोज रात्री आठला त्या बटण खाली करत, शटर अर्धं ओढत आणि पुन्हा आत वाकून बघत.

बाईंचा जीव त्या शाखेत अडकला होता, त्याला कारण होतं. घर सात मिनिटांवर होतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. साडेबाराला बाई जात, त्याला भरवत, कुशीवर वळवत आणि सव्वाला परत काउंटरवर हजर. जरा उशीर झाला की तो डाव्या हातातल्या चमच्यानं पलंगाचा लोखंडी गज वाजवी. "आले हो आले, बँडबाजा लावलाय नुसता," म्हणत बाई दारात चपला काढत. दोनदा बढती चालून आली, ती त्यांनी या सात मिनिटांसाठी नाकारली.

मग मालकांनी सगळ्या शाखांचं इंटरनेट बाहेरच्या एका कंपनीकडे सोपवलं आणि काकांना फुलं देऊन घरी बसवलं. नवा डबा आला. बसवणारा बटणाबद्दल काही बोलला नाही, बाईंनीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? निघताना दिवा मालवू का, असं कोणी विचारतं का? चार महिने लाइन सुरळीत चालली. बाईंनी एकदाही तक्रार केली नाही.

पाचव्या महिन्यात मुख्य कचेरीतले साहेब कागद घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदापुढे त्यांचं काही चालत नसे.

"बाई, ही शाखा बंद होतेय. डॉक्टर लांबून डोळे तपासणार, ते यंत्र आता सगळीकडे बसणार. त्याला लाइन पक्की लागते. लाइनच्या यादीत तुमची शाखा तेविसावी, सगळ्यांत शेवटची. निम्म्याहून जास्त वेळ लाइन बंद."

"काहीतरीच काय! एक दिवस लाइन पडलेली नाही माझी."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. प्रत्येक दिवसाची एक आडवी पट्टी, लाइन बंद असेल तेवढी काळी. प्रत्येक काळा तुकडा रात्री आठला सुरू होऊन सकाळी साडेनऊला संपत होता. सुट्टीचा सोमवार पुरता काळा. बाईंनी पट्ट्या पाहिल्या, मग भिंतीवरचं बटण पाहिलं.

"साहेब, हे मी बंद करते. रोज. या हातानं."

साहेबांनी तिथूनच कंपनीला फोन लावला आणि बाईंना ऐकू जाईल असा समोर ठेवला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "तक्रार कसली आहे सर? लाइन बंद, की लाइन हळू?"

"लाइन चांगली आहे, ही तक्रार आहे."

"तसा प्रकार यादीत नाही, सर. शिवाय रोज रात्री आठनंतर आम्ही शाखेच्या नंबरवर कळवत होतो." तिनं नंबर वाचून दाखवला. तो काकांचा कचेरीतला मोबाइल होता. जाताना काकांनी तो साहेबांकडे जमा केला होता आणि साहेबांनी तो बंद करून आपल्याच कपाटात टाकला होता.

साहेबांनी फोन बंद करून कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "जागामालकाला नोटीस गेलीय, बाई. तुमच्या वाट्याचं यंत्रही दुसऱ्या शाखेला गेलं. मी आता वर काय सांगू?"

"हेच सांगा ना."

"बघतो."

'बघतो' म्हणजे काय, हे अकरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला कोणी समजावायला नको. साहेबांनी एक मात्र केलं. कंपनीच्या यादीत काकांच्या जागी बाईंचा नंबर घातला.

उरलेले बावीस दिवस बाईंनी बटणाला हात लावला नाही. लाइन दिवसरात्र चालू राहिली. डबा काही जळला नाही. बाईंना त्याचाच संताप येई. मेल्या, निदान जळायचास तरी, असं त्या त्याला मनातल्या मनात म्हणत.

बदली झाली ती दीड तासावरच्या शाखेत. पहिल्याच दिवशी दुपारी साडेबाराला त्या एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होत्या, तेवढ्यात मोबाइल थरथरला. 'आपल्या शाखेशी संपर्क होत नाही. जागेवर कोणी असल्यास बटण चालू आहे का ते पाहावे.' जुनं दुकान त्याच सकाळी रिकामं झालं होतं. बाईंनी मोबाइल पालथा ठेवला आणि चष्म्याची काडी वाकवत राहिल्या.

नवऱ्याला दुपारी आता शेजारीण भरवते, पण दोनशिवाय तिला सवड होत नाही. "साडेबाराला चमचा सुरू होतो," पहिल्या दिवशी तिनं सांगितलं. "भिंतीतून ऐकू येतो. दीडपर्यंत वाजवतात हो." बाई ऐकून तोंड धुवायला निघून गेल्या.

आठ दिवसांनी शेजारीण दारातच हसून म्हणाली, "आता नाही वाजवत. झाली बघा सवय."