उषापासून बकरीपर्यंत

"ताई, भोंगा उशिरा वाजी ऱ्हायना."

चपला बाहेर काढून हिलालभाऊ दारातच उभे होते. आमच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या सांडपाण्याच्या टाक्यांवर ते अकरा वर्षं कामाला. टाकीतून विषारी वायू सुटला की तिथला भोंगा वाजतो. रोज चारला बटन दाबून तो वाजतो का, हे बघायचं कामही त्यांचंच.

"किती उशिरा?" मी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं. मोबाइलवर पाळणाघराचा कॅमेरा चालू होता. माझ्या लेकीचं, ओवीचं अंग सकाळपासून कोमट होतं आणि तिथली बाई तिला पाणी देतच नव्हती.

"घड्याळ कोन देखस! पहिले मी बटन दाबू नि 'उषा' म्हनू, तवढामा वाजे. आते उषा, वाल्मिक, वर्षा, जावाई, दोन्ही नातू, शेवट बकरी. बकरीना नाव व्हयनं का मंग वाजस."

बटन दाबून ते घरच्यांची नावं घेत वेळ मोजत; उषाबाई म्हणजे त्यांची बायको, गावी शिरपूरकडे, पुढची नावं मुला-नातवांची. मला हसू आलं. "मग बकरी विकून टाका, हिलालभाऊ. लवकर वाजेल."

ते हसले नाहीत. "मी मस्करी नई करी ऱ्हायनू, ताई," म्हणाले आणि चपला पायात सरकवून गेले.

मला कळायला हवं होतं. खोट माझ्याच हातची होती.

मिलचे कॉम्प्युटर मीच सांभाळत होते. खरा सर्व्हर एकच. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने उभी केलेली पाच मशीनं चालतात: हजेरीचं, बिलांचं, कॅमेऱ्यांचं, डिझाइनचं आणि भोंग्याचं. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. मेमरी मात्र एकच, चौसष्ट जीबी, आणि पाचांना मिळून कबूल केलेली त्याहून बरीच जास्त. सगळी एकदम मागत नाहीत म्हणून निभतं. फक्त भोंग्याच्या मशीनची आठ जीबी राखीव होती. तिला कुणी हात लावायचा नाही, अशी खूण मीच करून ठेवली होती.

त्याच्या आठ दिवस आधी शेठचा भाचा पार्थिवभाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "बेन, डिझाइनवाळुं मशीन मरी गयुं छे. आ भोंगावाळुं आखो दाडो शुं करे छे? बेठुं बेठुं खाय छे!"

"दिवसभर बसून असलं तरी ते राखीव आहे, पार्थिवभाई."

"तो काढी नाखो ने!"

पाच वीस झाले होते. पाळणाघर सहाला बंद होतं, आणि उशीर झाला की ती बाई ओवीला पायरीवर आणून बसवते. वाद घातला असता तर अर्धा तास गेला असता. मी खूण काढली. डिझाइनचं मशीन पळायला लागलं. "जोयुं?" पार्थिवभाई म्हणाला. मी पर्स उचलली.

बकरीच्या गोष्टीनंतरचा चौथा दिवस, मंगळवार. बिलं आणि डिझाइन दोन्ही जोरात चालू होती. मेमरी कमी पडली. मग सर्व्हरने गप्प बसलेलं मशीन शोधलं, त्याच्या मेमरीतलं सगळं उचलून डिस्कवर नेऊन टाकलं आणि जागा दुसऱ्यांना दिली. डिस्कवरून ते परत आणायला वेळ लागतो. चार चाळीसला टाकीतून वायू सुटला. भोंगा वाजला एक मिनिट पन्नास सेकंदांनी. टाकीवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणात ते मी नंतर मोजलं, तीनदा. तोवर हिलालभाऊ टाकीच्या कठड्यावर पोटावर पडलेले होते, एक हात आत लोंबत.

चौकशीच्या कागदावर आलं, कामगाराने मास्क लावला नाही. मास्क त्यांनी दोनदा मागितला होता, मिळाला नव्हता. राखीव खूण त्याच संध्याकाळी पुन्हा लागली, आणि तीही माझ्याच लॉगिनवरून. मी तेव्हा हिलालभाऊंबरोबर दवाखान्यात होते; माझा पासवर्ड दुसऱ्याच कुणी वापरला होता. पार्थिवभाईने साक्षीदाराच्या सहीसाठी तोच चौकशीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "छोकरी नानी छे तमारी, बेन. शांतिथी नोकरी करो."

माझ्या लहान पोरीची भीती घालणाऱ्या त्या तोंडावर थुंकायला हवं होतं. मी पेन मागितलं.

महिन्याने भेस्तानला, कामगारवस्तीतल्या हिलालभाऊंच्या खोलीवर गेले. उषाबाई गावाहून आल्या होत्या. हिलालभाऊ खाटेवर बसले होते, दाढी केलेली, अंगात स्वच्छ बनियन. अंगाने धडधाकट. श्वास कोंडला तेवढ्या वेळात डोक्यातलं काय काय गेलं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नव्हतं.

"हिलालभाऊ, म्हणा ना. बटन दाबलं. उषा..."

"उषा," ते म्हणाले. ओठ हलत राहिले. पुढे काही आलं नाही. समोर उषाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि ते पाहुण्या बाईकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत होते.

"तुमीच ना त्या कॉम्प्युटरवाल्या?" उषाबाई म्हणाल्या. तांब्या त्यांनी खाली ठेवला नाही, मलाही दिला नाही. "जा आते. परत येऊ नका."

परवा मी सर्व्हरमधली नोंद छापून कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत दिली. खूण काढल्याची तारीख, वेळ, माझं नाव. आणि खाली मी ती सही का केली, ते. नोकरी जाईल. ओवी आता घरीच असते.

हिलालभाऊंचं दार मात्र माझ्यासाठी उघडत नाही. दोनदा जाऊन आले. आतून खाट करकरते, कडी निघत नाही. तुमच्यापैकी कुणी भेस्तानला जाणार असेल तर स्टेशनमागच्या चाळीत हिलाल पाटलांची खोली विचारा, निळं दार आहे. माझं नाव घेऊ नका. पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा, आणि 'उषा'च्या पुढे ते कुठपर्यंत जातात, तेवढं बघून या.